दुबईला बिऱ्हाड हलवताना : कंपनीच्या पार्टनर व्हिसावर बायको-मुलांना नेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही २०१७ साली सांगलीहून दुबईला आलो. नवऱ्याचा पंपाच्या सुट्या भागांचा धंदा, मुलगी पहिलीत, मुलगा कडेवर. तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे आणि ओळखीच्यांच्या ओळखीचे फोन करत असतात. धंद्याचं लायसन्स कसं काढायचं हे सांगणारे एजंट पैशाला पासरी मिळतात. घर उचलून न्यायचं कसं, हे मात्र ज्याचं त्यानं ठेचा खात शिकायचं असतं. म्हणून फोनवर दिलेली उत्तरं एकदा लिहून काढली.

एजंट म्हणतो 'बिझनेस व्हिसा' देतो. त्यावर घरच्यांना नेता येईल का?

आधी एजंटला विचारा, कुठला व्हिसा. 'बिझनेस व्हिसा' या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. एक असतो पाहुण्यासारखा जाऊन बाजार बघून यायचा, महिना-दोन महिन्यांचा. त्यावर बायको-मुलांची काहीच सोय नाही. त्यांनाही यायचं तर तेही पाहुणेच. दुसरा असतो राहण्याचा परवाना. तुमच्या नावानं कंपनी निघते, तुम्ही तिच्यात मालक किंवा भागीदार असता आणि त्या जोरावर साधारण दोन वर्षांचा इन्व्हेस्टर किंवा पार्टनर व्हिसा मिळतो. घरच्यांना स्पॉन्सर करता येतं, म्हणजे आपल्या जबाबदारीवर त्यांचा व्हिसा काढता येतो, ते या दुसऱ्यावर.

आणि एक गोष्ट पहिल्या दिवशीच डोक्यात बसवून घ्या. लायसन्सच्या पॅकेजमध्ये 'तीन व्हिसा' लिहिलेले असतात ते बायको-मुलांचे नसतात. ते कंपनीत माणसं ठेवण्यासाठीचे कोटे असतात. घरच्यांचा व्हिसा वेगळा, त्याची फाइल वेगळी, फी वेगळी. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं हा घोळ केला आणि विमानाची चार तिकिटं वाया घालवली.

सगळ्यांनी एकदमच जावं की आधी एकट्यानं?

आधी एकट्यानं. यावर माझं मत ठाम आहे आणि त्यावरून नवराबायकोत भांडण झालं तरी चालेल.

कामाला क्रम आहे. आधी लायसन्स, मग कंपनीचं एस्टॅब्लिशमेंट कार्ड (व्हिसा काढण्यासाठी लागणारी कंपनीची नोंद), मग मालकाचा एंट्री परमिट (देशात येण्याची परवानगी), मेडिकल, एमिरेट्स आयडीसाठी, म्हणजे इथल्या ओळखपत्रासाठी, बोटांचे ठसे, मग त्याचा राहण्याचा व्हिसा. हे सगळं पुरं झाल्याशिवाय बायको-मुलांच्या फाइलला हातच लागत नाही. सगळं सुरळीत असेल तर हे काही आठवड्यांत उरकतं. सुरळीत नसेल तर पोरं हॉटेलच्या एका खोलीत मोबाइल बघत बसतात आणि टुरिस्ट व्हिसाचे दिवस संपत येतात. मुदत संपून राहिलात तर माणशी दिवसाला ५० दिरहम दंड. चौघांचा हिशेब करून बघा.

टुरिस्ट व्हिसावर येऊन इथेच स्टेटस, म्हणजे व्हिसाचा प्रकार, बदलता येतं, त्याला बंदी नाही, फक्त त्याचे जादा पैसे पडतात. पण आपण आधी जाऊन, स्वतःचा आयडी हातात आल्यावर बायकोचा एंट्री परमिट काढून तो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, तिनं तो छापून विमानात बसायचं, ही पद्धत डोक्याला कमी ताप देते. एंट्री परमिटवर आल्यापासून पुढचे सोपस्कार करायला ६० दिवस मिळतात.

भारतातून निघताना कोणते कागद तयार हवेत?

लग्नाचं सर्टिफिकेट आणि प्रत्येक मुलाचा जन्माचा दाखला. मुलांच्या शाळेचे कागद आहेत, त्यांच्याबद्दल खाली लिहिलं आहे. बाकीचं इथे येऊन होतं. हे दोन कागद मात्र इथे येऊन होत नाहीत, आणि अडतं ते नेमकं यांच्यापाशीच.

लग्नाचं सर्टिफिकेट म्हणजे कार्यालयवाल्यानं किंवा मंदिरानं दिलेली चिठ्ठी नव्हे. महानगरपालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून, नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून विवाह नोंदणी करून मिळालेलं, शिक्क्याचं. लग्नाला बारा वर्षं झाली आणि नोंदणीच केली नाही, असे लोक अजून भेटतात. नोंदणी उशिरानं होते, फक्त लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार गोळा करावे लागतात. भटजींची सही लागते तेव्हा ते भटजी कुठे गेले याचा शोध सुरू होतो. आमच्या चुलत दिरांना हे करताना दोन महिने गेले.

जन्माच्या दाखल्यात एक खास आपला घोटाळा असतो. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा बारसं झालेलं नसतं, म्हणून दाखल्यावर बाळाच्या नावाची जागा मोकळी राहते. शाळेत घालताना कुणीतरी चालवून घेतं आणि घरचे विसरून जातात. असा दाखला इथे चालत नाही. जिथे जन्माची नोंद आहे तिथेच जाऊन नाव घालून घ्यावं लागतं. जन्मापासून १५ वर्षांपर्यंत ते करता येतं, तेव्हा घाबरू नका. पण आज कपाट उघडून दाखला बघा. आईचं नाव दाखल्यावर कसं लिहिलंय तेही बघा.

लग्नाच्या सर्टिफिकेटवर माझं एक नाव, पासपोर्टवर दुसरं. चालेल का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो विचारणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

आपल्याकडे मुलीचं नाव लग्नात तीन ठिकाणी बदलू शकतं. आडनाव सासरचं होतं. मधलं नाव वडिलांचं जाऊन नवऱ्याचं येतं. आणि काही घरांत ताटातल्या तांदळावर पाळण्यातल्या नावाऐवजी अंगठीनं नवीन नावच लिहिलं जातं. मग आधारवर एक, पॅनवर दुसरं, पासपोर्टवर तिसरं. सांगलीत यानं कुणाचं काही अडत नाही. सगळ्यांना माहीत असतं की ही तीच. दुबईच्या टायपिंग सेंटरात, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या दुकानात, काउंटरपलीकडे बसलेला मुलगा पासपोर्टातलं इंग्रजी स्पेलिंग आणि सर्टिफिकेटातलं स्पेलिंग अक्षर अक्षर जुळवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

माझं स्वतःचं सांगते. सर्टिफिकेटवर नवऱ्याच्या वडिलांचं नाव 'श्रीकांत' एकाच ई-नं लिहिलेलं, नवऱ्याच्या पासपोर्टवर दोन ई. एका अक्षरासाठी आम्हाला परत वॉर्ड ऑफिसात जाऊन दुरुस्ती करून घ्यावी लागली. दुरुस्तीचं सर्टिफिकेट नवं, म्हणून त्यावरचे सगळे शिक्केही नव्यानं. आधीच्या शिक्क्यांचे पैसे पाण्यात.

तेव्हा शिक्के मारायला कागद पाठवायच्या आधी पासपोर्ट शेजारी ठेवून वाचा. नुसता स्पेलिंगचा फरक असेल तर सर्टिफिकेट दुरुस्त करून घ्या. नावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल छापून आणून पासपोर्ट आणि बाकीचे कागद एकसारखे करा. आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा असून सर्टिफिकेटवरही तेच माहेरचं नाव असेल तर काही बदलू नका. व्हिसासाठी सासरचं आडनाव लागतं, हा गैरसमज आहे.

ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाची जागाच कोरी आहे, नुसतं एकच नाव आहे, त्यांनी ते आधी नीट करून घ्यावं. नोव्हेंबर २०२२ पासून असे एकनावी प्रवासी व्हिजिट व्हिसावर यूएईत घेत नाहीत. पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालतं, असा खुलासा नंतर झाला. पण विमानतळावर वाद घालण्यापेक्षा घरी बसून अर्ज भरलेला बरा.

अपोस्टिल करून घेतलं, झालं ना?

नाही झालं. अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा एकच सरकारी शिक्का, तो चालतो हेग करारातल्या देशांत. यूएई त्यात नाही. त्यामुळे इथे जुनी साखळी लागते. आधी मंत्रालयातून राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएईच्या दूतावासाचा किंवा मुंबईतल्या वकिलातीचा. कागद इथे आल्यावर यूएईच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शेवटचा शिक्का, आणि अधिकृत भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. या सगळ्याला बोलीत 'अटेस्टेशन' म्हणतात.

परराष्ट्र मंत्रालय कागद थेट खिडकीवर घेत नाही, ठरवून दिलेल्या एजन्सीमार्फत घेतं. त्यामुळे एजंट लागतोच. पण मूळ कागद देताना पावती घ्या आणि आधी रंगीत स्कॅन करून ठेवा. एका एजंटनं आमच्या शेजाऱ्यांच्या मुलाचा मूळ दाखला तीन आठवडे 'दिल्लीत आहे' म्हणून सांगितला. तो त्याच्याच टेबलाच्या खणात होता.

प्रत्येक सर्टिफिकेटच्या मागे शिक्के आणि स्टिकर चिकटतात. म्हणून लॅमिनेट केलेला कागद पाठवू नका. आजोबांनी प्रेमानं लॅमिनेट करून ठेवलेल्या दाखल्याची नवी प्रत काढायची आणि तीच पाठवायची.

पगार किती लागतो? माझा तर पगारच नाही, मी मालक आहे.

नोकरदारासाठी नियम सोपा आहे. महिना ४,००० दिरहम, किंवा ३,००० आणि राहायची सोय. मालकाला पगाराऐवजी ट्रेड लायसन्स आणि भागीदारीचा करार दाखवावा लागतो, त्यात तुमचं नाव आणि हिस्सा असतो. बँकेचं स्टेटमेंटही मागतात. त्यामुळे कंपनीच्या खात्यातून स्वतःच्या खात्यात दर महिन्याला ठरावीक रक्कम वळती करायची सवय पहिल्या महिन्यापासून लावा. फ्रीझोनमध्ये (परकी मालकांसाठीच्या खास व्यापारक्षेत्रात) कंपनी असेल तर फ्रीझोनकडून तुमच्याच पगाराचं पत्र निघतं.

बायको मालक असेल तर तिलाही नवऱ्याला आणि मुलांना स्पॉन्सर करता येतं. 'नवरा बायकोच्या व्हिसावर' हे ऐकून आपल्याकडचे काका भुवया उंचावतात. उंचावू दे.

दुबईत उतरल्यावर बायको-मुलांचं नेमकं काय काय करावं लागतं?

आमेर सेंटरमध्ये, म्हणजे व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या सरकारमान्य केंद्रात, फॅमिली फाइल उघडायची, तिथूनच अर्ज टाइप होतात. १८ वर्षांवरच्यांची मेडिकल होते, म्हणजे रक्त आणि छातीचा एक्स-रे. मुलांची होत नाही. बायको गरोदर असेल तर आधी सांगा, एक्स-रे काढत नाहीत. एमिरेट्स आयडीसाठी ठसे १५ वर्षांपासून पुढच्यांचे. आरोग्य विमा तुम्हीच काढायचा, दुबईत तो सक्तीचा आहे आणि त्याशिवाय व्हिसा पुढे सरकत नाही. स्वस्तातला विमा घेताना बाळंतपणाचा खर्च त्यात किती धरलाय ते वाचा.

पासपोर्टवर व्हिसाचा गुलाबी स्टिकर लागायचा तो २०२२ मध्ये बंद झाला. आता एमिरेट्स आयडी हाच पुरावा. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर दाखवायला पासपोर्टात काहीच नसतं, याचं त्यांना अजून वाईट वाटतं.

घर आधी घ्यावं की व्हिसा आधी?

फॅमिली फाइलला घराचा इजारी लागतो, म्हणजे नोंदवलेला भाडेकरार. त्यामुळे तुमचा स्वतःचा आयडी आला की घर, मग फॅमिली. भाडं वर्षाचं ठरतं आणि चेकनं आगाऊ द्यायचं असतं, एका चेकनं, दोननं, चारनं, जसं जमेल तसं. चेक जितके कमी, तितकं भाडं थोडं उतरतं. शिवाय अनामत साधारण ५ टक्के, एजंटचे साधारण ५ टक्के, आणि वीज-पाण्यासाठी फ्लॅटला २,००० दिरहम अनामत. पहिल्या महिन्यात पैसा असा जातो की विचारू नका. लायसन्सच्या खर्चाएवढीच रक्कम घर लावण्यासाठी बाजूला ठेवा, हा माझा अंदाज आतापर्यंत कुणाच्या बाबतीत फारसा चुकलेला नाही.

करामा, बर दुबई, अल नाहदा इथे आपली माणसं, आपली वाण्याची दुकानं. शारजात भाडं कमी, पण सकाळी शारजाहून दुबईला येणारा रस्ता ज्यानं बघितला त्यानं सिंहगड रोडच्या ट्रॅफिकबद्दल तक्रार करणं सोडलं.

मुलांच्या शाळेचं काय? सेमी इंग्लिशचं मूल इथे निभावेल का?

निभावतं. माझी मुलगी सेमीतलीच, पहिले चार महिने वर्गात गप्प बसायची. नंतर घरी उलट उत्तरं इंग्रजीत द्यायला लागली.

महाराष्ट्र बोर्डाची शाळा दुबईत नाही. भारतीय शाळा म्हणजे मुख्यतः सीबीएसई, काही आयसीएसई. त्यांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे जूनचा हिशेब डोक्यातून काढा. मार्चअखेर यायचं असेल तर अर्ज आदल्या वर्षीच्या शेवटाकडे. शाळांवर केएचडीए नावाच्या संस्थेची देखरेख असते. तिचे तपासणी अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतात. शाळेच्या इमारतीचे फोटो बघण्यापेक्षा ते वाचा. भारतीय शाळांची फी ब्रिटिश शाळांपेक्षा खूप कमी असते, पण बसचे पैसे वेगळे आणि ते चांगलेच असतात. अरबी विषय सगळ्यांना शिकावा लागतो. मुलांना ते आपल्यापेक्षा सोपं जातं.

वयाचं गणित नीट बघा. महाराष्ट्रात पहिलीसाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण झालेली चालतात. इथल्या एप्रिलवाल्या शाळांत ३१ मार्चपर्यंत व्हावी लागतात. म्हणजे सप्टेंबरात जन्मलेलं आपलं मूल सांगलीत पहिलीला बसलं असतं, ते इथे केजी-टूला बसतं. वरच्या वर्गात, शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आलेल्या मुलांना सहसा ही अडचण येत नाही. तो दाखला मात्र शिक्षणाधिकाऱ्यांची सही आणि पुढचं अटेस्टेशन करून आणा. शाळा सोडताना लिपिकाकडून तो हातानं लिहून घेतला की काम झालं असं वाटतं, पण खरं काम तिथून पुढे सुरू होतं.

मूल नववी-दहावीत असेल तर मी स्पष्ट सांगते, दहावी होईपर्यंत आणू नका. सीबीएसईत नोंदणी नववीत होते आणि थेट दहावीत किंवा बारावीत प्रवेश मिळणं अवघड असतं. शिवाय पुढचा विचार करा. महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी डोमिसाइलबरोबर दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. दुबईत बारावी केलेलं सांगलीचं मूल त्या रांगेतून बाहेर पडतं. एनआयटीसारख्या ठिकाणी आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, नीटचं केंद्रही दुबईत असतं. तेव्हा सगळी दारं बंद होतात असं नाही. पण हा निर्णय विमानाचं तिकीट काढायच्या आधी घरात बसून घ्यायचा असतो. आमच्या ओळखीत एक मुलगा आजीकडे मिरजेला राहून बारावी करून आला. आई वर्षभर रडली, पण मुलाला सीट मिळाली.

मला तिथे नोकरी करता येईल का?

येईल. नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर राहूनच नोकरी करता येते, कंपनी फक्त वर्क परमिट काढते. कंपन्यांना असे लोक आवडतात कारण त्यांचा व्हिसाचा खर्च वाचतो. म्हणून पगाराची बोलणी करताना हे लक्षात ठेवा. तुमच्यामुळे त्यांचे पैसे वाचत आहेत.

माझा सल्ला मात्र थोडा वेगळा. नवऱ्याचा धंदा नवा असेल आणि तुम्हाला बरी नोकरी मिळत असेल तर स्वतःच्या कंपनीचा व्हिसा घ्या. एका घरात दोन खांब असलेले बरे. का, ते पुढच्या प्रश्नात.

पदवीचं सर्टिफिकेट अटेस्ट करून आणा, लग्नाच्या सर्टिफिकेटबरोबरच. नंतर मागाल तर भावाला विद्यापीठात खेपा घालाव्या लागतात.

धंदा नाही चालला तर?

हा प्रश्न कुणी सहसा विचारत नाही, मीच काढते.

घरच्यांचा व्हिसा तुमच्या व्हिसाला बांधलेला असतो आणि तुमचा व्हिसा लायसन्सला. लायसन्स नूतनीकरणाविना राहिलं की व्हिसा पुढे जात नाही, तुमचा थांबला की बायको-मुलांचाही थांबतो. कंपनी बंद करून व्हिसा रद्द करायचा झाला तर आधी घरच्यांचे रद्द, मग स्वतःचा. या क्रमाशिवाय होत नाही. रद्द झाल्यावर निघायला किंवा दुसरी सोय करायला मुदत मिळते, व्हिसाच्या प्रकारावर ती अवलंबून असते. मुलांचं वर्ष मध्येच असेल तर ही मुदत पुरत नाही. बायकोचा स्वतःचा व्हिसा असेल तर मुलांना तिच्या नावावर वळवता येतं आणि निदान मार्चपर्यंत शाळा चालू राहते. आमच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला कोविडच्या वर्षी याच गोष्टीनं वाचवलं.

दुसरं, साध्या व्हिसावर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की व्हिसा गळतो. बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बायकांनी तारखा मोजाव्यात. माहेरी 'अजून आठ दिवस राहा' म्हणणारे दिवस मोजत नाहीत.

आई-बाबांना कायमचं आणता येईल का?

जमतं, पण सोपं नाही. दुबईत त्यासाठी मोठं उत्पन्न लागतं, आई आणि वडील दोघांनाही एकत्रच स्पॉन्सर करावं लागतं, ते तुमच्यावर अवलंबून आहेत हे दाखवावं लागतं, विमा लागतो, आणि व्हिसा वर्षावर्षाचा असतो. साठीच्या पुढच्या माणसाचा विमा हाच मोठा खर्च.

बहुतेक जण करतात ते असं. पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री टुरिस्ट व्हिसा काढतात. त्यासाठी बँकेत ४,००० डॉलर किंवा तेवढी रक्कम दाखवावी लागते, आणि एका वेळी ९० दिवस राहता येतं. हिवाळ्यात नोव्हेंबर ते जानेवारी त्यांना आणायचं, हुरडा संपायच्या आत परत पाठवायचं. मे महिन्यात वडीलधाऱ्यांना आणू नका. पंचेचाळीस अंशांत ते घरातच कोंडतात आणि मग म्हणतात, इथे काय ठेवलंय.

सामानात काय आणू नये?

खसखस. यूएईत खसखशीवर बंदी आहे, अफूच्या झाडाची म्हणून. चिमूटभरसुद्धा नको. पहिल्या वर्षी सासूबाईंनी अनारशाच्या पिठाबरोबर स्टीलच्या छोट्या डबीत खसखस भरून दिली होती, वर कापडाचा तुकडा, रबर लावलेलं. नशिबानं निघायच्या आदल्या रात्री दुबईतल्या एका मैत्रिणीशी फोनवर बोलताना विषय निघाला. रात्री अकराला आम्ही बॅगा परत उघडल्या. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात खसखस घालत असाल तर इथे न्यायचा मसाला तिच्याशिवाय कुटा. खायचं पानही आणू नका.

औषधांचं तसंच. कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या काही गोळ्या इथे नियंत्रित आहेत. आपल्याकडे मेडिकलवाला हातात ठेवतो त्यांना इथे आधी सरकारची ऑनलाइन परवानगी लागते. आजी-आजोबांच्या गोळ्यांच्या पिशवीत काय आहे ते नावानिशी वाचा, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

बाळ दुबईत झालं तर ते तिथलं नागरिक होईल का?

नाही. ते भारतीयच, पण आपोआप नाही. भारतीय वकिलातीत जन्माची नोंद एका वर्षाच्या आत करायची असते. हे टाळू नका, नंतर फार त्रास होतो. इथला व्हिसाही जन्मापासून १२० दिवसांत काढावा लागतो, नाहीतर दंड. आधी जन्माचा दाखला, मग पासपोर्ट, मग व्हिसा. म्हणून बारशाच्या आधी नाव ठरवून ठेवा. आत्यानं ऐनवेळी वेगळं नाव कानात सांगितलं तर ते घरात वापरा.

भारतातलं लायसन्स घेऊन गाडी चालवता येईल?

राहण्याचा व्हिसा आला की नाही. इथे नव्यानं शिकावं लागतं. आपलं लायसन्स असेल तर दुबईत 'गोल्डन चान्स' म्हणून थेट परीक्षेला एकदा बसता येतं. माझा नवरा वीस वर्षं सांगली-कोल्हापूर रस्त्यावर चालवून नापास झाला, मी क्लास लावून पहिल्या खेपेत पास झाले. हे त्याच्यासमोर विचारू नका.

गोल्डन व्हिसा घेतला तर या कटकटी वाचतात का?

बऱ्याच वाचतात. २० लाख दिरहमची मालमत्ता घेणाऱ्यांना तो दहा वर्षांचा मिळतो, सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तरी तो गळत नाही, आणि मुलांना वयाची मर्यादा नाही. साध्या व्हिसावर मुलगा अविवाहित असेल तर २५ वर्षांपर्यंत, मुलगी लग्न होईपर्यंत. मूळ माणूस गेला तरी गोल्डन व्हिसाची मुदत संपेपर्यंत घरचे राहू शकतात. पण नुसत्या व्हिसासाठी कर्ज काढून फ्लॅट घेणाऱ्याला मी थांबवते. धंदा दोन वर्षं चालू द्या, मग बघा.

मृत्युपत्राचं कुणीतरी सांगत होतं. इतक्यात कशाला?

इतक्यातच. माणूस गेला की इथली बँक खाती गोठतात, जॉइंटसुद्धा. लहान मुलांचा ताबा कुणाकडे जाईल हेही लिहून ठेवलेलं असावं. बिगर-मुस्लिमांसाठी २०२३ पासून वेगळा व्यक्तिगत कायदा आहे आणि डीआयएफसीत (दुबईच्या आर्थिक केंद्रात, जिथे वेगळी न्यायालयं आहेत) मृत्युपत्र नोंदवता येतं. एक दिवसाचं काम आहे. शिवाय बायकोच्या स्वतःच्या नावानं वेगळं खातं हवं, त्यात तीन महिन्यांचा घरखर्च.

भारतातली बँक, टॅक्स?

वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलात तर सहसा एनआरआय, पण भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर नियम वेगळे, तिथे सीएला विचारा. साधी बचत खाती एनआरओ (अनिवासी भारतीयांची रुपयांतली खाती) करून घ्या, बायकोचंही. पीपीएफ आहे ते चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही. गावाकडच्या जमिनीच्या कामांसाठी भावाला किंवा विश्वासातल्या माणसाला कुलमुखत्यारपत्र निघायच्या आधीच नोंदवून द्या. इथून वकिलातीत जाऊनही होतं, पण त्यासाठी अर्धा दिवस जातो, आणि तुमचा धंदा नवा असतो तेव्हा अर्धा दिवस कुठून आणणार.

मुलांचं मराठी टिकेल का?

घरात बोललात तर. महाराष्ट्र मंडळ आहे, गणपती होतो, जेबेल अलीत २०२२ पासून मोठं हिंदू मंदिर आहे. माझ्या मुलाला वाचता येतं, लिहिताना तो 'ण' आणि 'न' एकच समजतो. परवा आजीला त्यानं पत्र लिहिलं, 'आजी, मला पुरनपोळी पाठव.' आजीनं पाठवली, जायफळ घालून, खसखशीशिवाय.